यादीतून माहेरी गेलेलं लेकरू

माझ्या तोंडाला लगाम नाही असं माझा नवरा म्हणतो, आमच्या आरोग्य केंद्रातली सिस्टर म्हणते, आणि खरं सांगायचं तर मलाही ते ठाऊक आहे. पण गावात आशाचं काम करणाऱ्या बाईचं गोड बोलून भागतं का? दर गुरुवारी सिस्टर लशीचा डबा घेऊन अंगणवाडीत येते. त्याआधी दोन दिवस मी दारोदार हिंडते. कुणाचं लेकरू दीड महिन्याचं झालं, कुणाचं नऊ महिन्यांचं, उद्या घेऊन या, हे सांगत. एक म्हणते लेकराला सर्दी झालीय, दुसरी म्हणते तूर काढायला जायचंय, तिसरी मला लांबून बघते आणि सासूला दारात उभी करून आत पळते. मग माझं डोकं फिरतं. "लेकरू तुमचं, आन् पाया मी पडू व्हय?" असं मी भर गल्लीत ओरडते, आणि बाया हसत हसत लेकरं काखेला मारून येतात. माझ्या ओरडण्याचं कुणाला वाईट वाटत नाही असं मी बरीच वर्षं धरून चालले होते.

आमचं गाव कर्नाटकात, हुलसूरच्या बाजूचं. चार शेतं आणि एक ओढा ओलांडला की महाराष्ट्र. घरात मराठी, शाळेत कन्नड, बाजारात दोन्ही आणि वरून थोडी उर्दू. पोरी द्यायच्या त्या तिकडं, सुना आणायच्या त्याही तिकडूनच. बाळंतपणाला सून माहेरी जाते, तीन-चार महिने राहते, आणि लेकरू जरा मान धरायला लागलं की सासरची माणसं आणायला जातात. त्यामुळे माझ्या यादीत एक शब्द सारखा येतो. ज्या लेकराची लस राहिली त्याच्या नावापुढं कारण लिहावं लागतं, आणि मी लिहिते, 'माहेरी गेली'. तेवढं लिहिलं की त्या महिन्यात ते लेकरू माझ्याकडं धरत नाहीत. सिस्टर मला विचारत नाही, सिस्टरला वरचे विचारत नाहीत. सगळ्यांचं निभावून जातं.

ही गोष्ट अशाच एका मुलीची आहे, म्हणजे तिच्यापेक्षा तिच्या आईची आणि माझी जास्त.

आई निलंग्याकडची. लग्न होऊन आमच्या गावात आली तेव्हा जेमतेम विशीची होती. बोलायला कमी, कामाला वाघ. नवरा शेती बघून हुलसूरला खताच्या दुकानात बसायचा. तिचं पहिलं लेकरू मुलगा, माहेरी जाणं लांबलं म्हणून इकडंच झालेला. तो दीड महिन्याचा झाला तेव्हा गुरुवारी त्याला टोचलं. माझ्याच मांडीवर धरला होता. शनिवारी त्याला धाप लागली, रविवारी मोठ्या दवाखान्यात नेला, आणि सोमवारी तो गेला.

चौकशी झाली. वरून साहेब आले, लशीच्या बाटल्यांचे नंबर लिहून नेले, दवाखान्याचे कागद बघितले. त्या दिवशी टोचलेल्या बाकीच्या लेकरांच्या घरीही जाऊन आले, ती सगळी खेळत होती. बाळाच्या फुफ्फुसात जंतू झाले होते, निमोनियानं गेलं, लशीचा संबंध नाही, असं निघालं. सिस्टरनं मला ते सांगितलं आणि माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. पण त्या घरी जाऊन ते कुणी सांगितलं? कुणीच नाही. मला वाटलं सिस्टर सांगेल. सिस्टरला वाटलं असेल, गावातली बाई मी, मीच सांगेन. लेकराची माती झाली त्या दिवशी मी त्यांच्या दारात बायकांच्या मागं उभी राहिले आणि तशीच परत आले. नंतर कितीतरी दिवस त्या गल्लीतून जायला नको म्हणून मी देवळाला वळसा घालून जायची. मी, जिच्या तोंडाला लगाम नाही, ती!

वर्षभरानं तिला मुलगी झाली. माहेरीच झाली. जन्मल्या जन्मल्या तिथल्या सरकारी दवाखान्यात देतात ती लस तेवढी दिली. चार महिन्यांनी लेकरू आमच्या गावात आलं आणि मी मनाचा हिय्या करून यादी घेऊन त्यांच्या दारात गेले.

सासूनं बसायला चटई टाकली. चहा केला, तोही पाहुण्यांच्या कपात. मग म्हणाली, "नवस हाय गं बाई. जावळ काढेस्तोवर लेकराच्या अंगाला लोखंड लावायचं न्हाई. ब्लेड न्हाई, कात्री न्हाई, सुई बी न्हाई. थेंब पाज की. थेंबाला कुणी न्हाई म्हणायलंय?"

जावळ म्हणजे लेकराचे पहिले केस. आमच्याकडं ते देवाच्या दारात, मामाच्या मांडीवर बसवून काढतात. त्यांच्या देवाची जत्रा अजून आठ महिने लांब होती. मी हज्जार बहाणे ऐकलेली बाई, पण नवस म्हटल्यावर गप्प बसले. एक लेकरू मातीत घातलेल्या घरानं देवाला काही बोलून ठेवलं असेल तर मी कोण मोडायला सांगणारी? पोलिओचे थेंब पाजले आणि आले. पुढच्या महिन्यात परत गेले. परत चहा, परत नवस. त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच. लेकरू गुबगुबीत होतं, माझी ओढणी धरून ओढायचं, आणि मी कारणाच्या रकान्यात 'धार्मिक कारण' असं कन्नडमध्ये लिहून टाकायची.

मुलगी अकरा महिन्यांची झाली, आणि शेजारच्या वाडीत गोवर आला.

गोवर आला असं आमच्याकडं कुणी म्हणत नाही. अम्मा आल्यात म्हणतात. दाराला कडुलिंबाचा डहाळा टांगतात, फोडणी बंद करतात, परक्या माणसाला आत घेत नाहीत. लिंब टांगलेलं दार दिसलं की मी ओळखते. त्या वाडीत बघता बघता सहा-सात दारांवर लिंब आला. एका लेकराचा डोळा गेला. त्याची आई मला म्हणाली, "अक्का, उजेडाकडं बगतच न्हाई ते." मी तिथून निघाले ती तडक त्या मुलीच्या घरी आले, आणि जे व्हायला नको होतं ते झालं.

"तिकडं लेकराचा डोळा गेलाय आन् तुम्ही नवस धरून बसलाव?" मी ओट्यावरूनच सुरू झाले. "दवाखान्यात जन्मल्या दिशी टोचलं तवा कुठं गेलता तुमचा नवस?"

सून दाराच्या आत लेकरू कडेवर घेऊन उभी होती. तिच्याकडं बघून मी आणखी चढले. "आता सांगून ठेवते, लस न्हाई घेतली तर रेशन कार्डावरून नाव उडवत्यात."

धादांत खोटं. असं काही नसतं. पण जिभेवर आलं आणि गेलं. चार बाया गोळा झाल्या होत्या, त्यांच्यासमोर ते ऐकून सुनेचं तोंड एवढंसं झालं. ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती लेकरू घेऊन माहेरी निघून गेली. मला कळलं तेव्हा मी यादी काढली आणि तिच्या नावापुढं लिहिलं, 'माहेरी गेली'. लाज वाटते सांगायला, पण त्या दिवशी मला हलकं वाटलं. यादी साफ झाली होती.

चार-पाच दिवसांनी हुलसूरच्या बाजारात तिच्या माहेरच्या गावची आशा भेटली. तोंडओळख होती, दोघीही मेथीच्या जुड्या बघत होतो. मी सहज विचारलं, "आमची सून तुमच्याकडं आलीय. तिच्या लेकराचं कसं करायलाव?"

"इचारायला गेलते की," ती म्हणाली. "घरचे म्हणले, चार दिसांत सासरी जायलीय. मग मी लिवून टाकलं, 'सासरी गेली'."

ती हसली. मीही हसले. मग दोघींचंही हसू मावळलं. मी तिला माहेरी पाठवलं होतं, तिनं तिला सासरी पाठवलं होतं, आणि लेकरू दोन्ही राज्यांच्या कागदांतून निसटलं होतं. मी विचारलं, "तुमच्याकडं गोवर हाय का?"

"आजच दोन दारांवर लिंब बगून आले. एक तर तिच्याच गल्लीत."

माझ्या हातातली जुडी मी तशीच परत ठेवली. वाडीतल्या गोवरापासून वाचवायला म्हणून ओरडले होते, आणि ओरडूनच त्या लेकराला मी गोवराच्या तोंडी नेऊन सोडलं होतं. त्या आशाकडं उद्या, गुरुवारीच, लसीकरण होतं. मी घरी न जाता तिच्याबरोबर टमटममध्ये बसले.

माहेरच्या घरी सून अंगणात ज्वारी निवडत होती. मला बघून तिनं आधी लेकराला जवळ ओढलं. तिची आई बाहेर आली, भाऊ आला. कुणी चहाचं विचारलं नाही. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "रेशनचं मी खोटं बोलले. तसं काई नसतंय. चुकलं माझं."

भाऊ म्हणाला, "ते जाऊ द्या. आता कामून आलाव?"

मी गोवराचं सांगितलं. दोन घरं सोडून लिंब टांगलाय तो त्यांनाही दिसत होताच. म्हटलं, "नवसाचं मला कळतंय. पण जावळ तुमच्याच मांडीवर काढायचंय न्हाई का? तुम्ही मामा. तुम्हीच देवाला हात जोडा, आन् महिनाभर आधी उरकून घ्या. हितंच, आजच."

तो बहिणीकडं बघायला लागला. "कसला नवस? मला कुणी काई बोललं न्हाई."

सुनेनं सूप खाली ठेवलं. "नवस न्हाई, अक्का," ती म्हणाली. "सासूबाई म्हणल्या, गल्लीतली बाई हाय, रोज तोंड बगायचंय. तुझ्या हातावर आमचा भरवसा न्हाई असं तिच्या तोंडावर कसं म्हणायचं? तुम्हाला वाईट वाटंल म्हणून नवसाचं सांगितलं."

आधी मला राग आला, हे मी लपवत नाही. सात महिने! सात महिने मला चहा पाजून उल्लू बनवलं! पण तो राग दोन घटकाही टिकला नाही. ज्या बाईच्या मांडीवरून आपलं लेकरू गेलं असं त्यांना वाटत होतं, तिचं मन दुखू नये म्हणून त्या घरानं देव मध्ये घातला होता. आणि मी त्यांच्या ओट्यावर उभी राहून चार बायांसमोर तोंड सोडलं होतं. मी तिथंच मातीत बसले.

मग जे दोन वर्षांपूर्वी सांगायचं होतं ते सांगितलं. साहेब आले होते ते, बाटल्यांचे नंबर, बाकीची लेकरं धडधाकट राहिली ते, फुफ्फुसातले जंतू. सगळं. ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

"हे कवा कळलं तुम्हाला?"

"तवाच. पंधरा दिसांत."

"दोन वर्सं झाली," तिचा भाऊ म्हणाला.

"दोन वर्सं मी म्हणायलेय," ती म्हणाली, आणि तिचा आवाज जराही चढला नाही, "की मीच नेऊन दिलं त्याला. माझ्या हातानं तुमच्या मांडीवर ठेवलं."

मला रडू फुटलं. मी हात जोडले. माफ कर म्हणाले की नाही ते आठवत नाही. तिची आई पदर तोंडाला लावून आत गेली. ती मुलगी आपली ज्वारीच्या ढिगात हात घालून मुठी भरत बसली होती.

शेवटी सूनच बोलली. "सुईनं ताप येतो का न्हाई? खरं सांगा."

"येतो. पुष्कळ लेकरांना येतो. एक-दोन दिस राहतो आन् उतरतो. गोवराच्या सुईचा आठ-दहा दिसांनी येतो, तो बी उतरतो."

"आन् ताप आला की तुम्ही कुठं असणार?"

मी मातीत सांडलेली ज्वारी वेचायला लागले.

"तवा गुरुवारी टोचून तुम्ही घरी गेलाव. शनवारी मी एकलीच हुते. ताप सुईचाय का दुसरा, मला काय कळतंय? सासूबाई म्हणल्या सुईचाय, उतरंल. आम्ही बसून राहिलाव." ती लेकराच्या हातातली ज्वारी काढून घ्यायला लागली. "टोचायचं असंल तर टोचा. पण सोमवार होईस्तोवर तुम्ही हितनं हलायचं न्हाई."

मी नवऱ्याला फोन लावला. चार दिवस येत नाही म्हटल्यावर तो म्हणाला, "तिकडं कुणाशी भांडायलीस आता?" सिस्टरला लावला तर ती तडकली, उद्या आपल्या गावात गुरुवार आहे, बायांना बोलवायला कोण जाणार? मी म्हटलं, "ह्या खेपेला तुम्हीच ओरडा." तिनं फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत मामा लेकराला धरायला पुढं झाला. मी मागंच उभी होते, हात पुढं करायची माझी छाती नव्हती. सुनेनं त्याला बाजूला सारलं. "अक्काच्याकडं द्या," म्हणाली, आणि स्वतः आणून माझ्या मांडीवर ठेवली. इतक्या वर्षांत किती लेकरं धरली असतील, पण त्या दिवशी पहिलंच लेकरू धरल्यासारखी मी तिला दोन्ही हातांनी कवटाळून धरली. तिथल्या सिस्टरनं दंडाला गोवराची टोचली, मांडीला दुसरी. मुलीनं सगळी अंगणवाडी डोक्यावर घेतली.

शुक्रवारी दुपारी ताप आला. सून माझ्यासमोर लेकरू घेऊन बसली आणि बघत राहिली. मी ओला फडका केला, तापाचं औषध मोजून पाजलं. मग मी तिला श्वास मोजायला शिकवलं. लेकराचं झबलं वर करायचं, पोटाकडं बघायचं, फोनवर एक मिनिट लावायचं आणि मोजायचं. किती झाले की घाबरायचं, किती असले की घाबरायचं नाही, छाती आत ओढली जायला लागली की कुणाला न विचारता दवाखाना गाठायचा. आम्हाला प्रशिक्षणात हे सगळं शिकवलेलं असतं. मी ते कधी कुठल्या आईला शिकवलंच नव्हतं, मीच मोजायची आणि ठीक आहे म्हणायची. तिनं दर तासाला मोजले. माझा आकडा वेगळा आला की परत मोजायला लावायची. शनिवारी दिवसभर मोजले. शनिवारी ती जेवली नाही. रविवारी ताप उतरला आणि मुलीनं माझ्या ताटातली भाकरी ओढली, तरी तिचं मोजणं चालूच होतं.

सोमवारी सकाळी मी निघायची तयारी केली. मुलगी अंगणात कोंबडीमागं रांगत होती. पुढचा ताप आला तर काय करायचं ते मी परत एकदा सांगितलं, तिनं ऐकून घेतलं. मग आत गेली आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं एक कार्ड घेऊन आली. आमच्याकडचं, कर्नाटकातलं, आईचं आणि बाळाचं असतं ते. त्या पहिल्या लेकराचं.

"मला कन्नड येत न्हाई," ती म्हणाली. "सासरी कुणाला मागायची भीती वाटायची. फेकून देतील म्हणून हितं आणून ठिवलंय. ह्याच्यात काय लिवलंय ते वाचून दावा."

अक्षर माझंच होतं. मी वाचायला लागले. आईचं नाव, बापाचं नाव. जन्माची तारीख. दीड महिन्याची लस, तिची तारीख. खाली पुढच्या डोसची तारीख लिहिलेली होती, तीही वाचली.

"आन् वजन लिवलंय का?"

"लिवलंय. जन्मला तवा दोन किलो आठशे. टोचलं त्या दिशी चार किलो दोनशे."

"म्हंजी कमी का?"

"कमी कशानं?"

"सासूबाई म्हणायच्या माझं दूध पुरंना. लेकरू आतनं पोखरलं, म्हणून टिकलं न्हाई."

मी कार्ड तिच्यापुढं धरलं. वजनाच्या पानावर हिरवा पट्टा असतो. त्याच्यात मी दोन टिंबं काढली होती, आणि त्या दोघांना जोडणारी रेघ चढती होती. तिचं बोट धरून मी त्या रेघेवरून फिरवलं. "बग. दीड महिन्यात दीड किलोच्या जवळ वाढलाय. लई चांगलं वजन हुतं, पोरी. तुझं दूध पुरत हुतं."

ती त्या रेघेकडं बघत राहिली. खालचा ओठ दातात धरला होता.

"परत एकदा वाचा, अक्का," ती म्हणाली.

मी परत वाचलं.